चेहरा न ओळखणारे कुलूप आणि मालकाचा हक्क

कष्टकरी माणसाच्या घरात पूर्वी पत्र्याची एक पेटी असायची. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचे प्रमाणपत्र, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, चार नोटा, सारे त्या पेटीत. पेटीची चावी घरातल्या बाईच्या कमरेला. आज ती पेटी म्हणजे मोबाईल फोन झाला आहे. बँक त्यात, आधार त्यात, मजुरीचा हिशेब त्यात, मुलांच्या शाळेचे निरोप त्यात आणि न्यायालयाच्या पुढच्या तारखेचा संदेशही त्यातच! फक्त चावी बदलली. आता ती कमरेला नसते. ती मालकाच्या चेहऱ्यात असते.

ज्या दिवशी हे कुलूप मालकाचा चेहराच ओळखणार नाही, त्या दिवशी मालकाने काय करायचे? हा प्रश्न शहरातल्या हौशी तरुणांचा आहे असे समजून पुढे जाऊ नये. महागडे फोन आता जुन्या बाजारातून, हप्त्यावर, कष्टकऱ्याच्या हातात आले आहेत. त्यांच्याबरोबर त्यांची कुलपेही आली आहेत. कुलूप कसे लागते हे दुकानदार सांगतो. ते कसे उघडते हे मात्र कुणीच सांगत नाही.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराचेच उदाहरण घेऊ. नौका जेटीला लागते, मासळी उतरते, लिलाव होतो. तांडेल, खलाशी, व्यापारी, पाटीत मासळी घेऊन बाजाराला निघालेल्या बाया, बर्फवाला, टेम्पोवाला, प्रत्येकाकडे फोन. भाव फोनवर कळतो, पैसे फोनवर येतात, वादळाचा इशाराही फोनवरच येतो. समजा, इथल्या एका तरुण खलाशाने दुकानातून जुना आयफोन घेतला. दुकानातल्या मुलाने त्याला चोरीपासून संरक्षण देणारी सोय चालू करून दिली. चांगलेच केले. पुढे एका फेरीत खाऱ्या पाण्याचा सपकारा फोनवर बसला. फोन चालतो, बोलणे होते, पण पडद्यावर संदेश येऊ लागला की ‘फेस आयडी’ उपलब्ध नाही. खलाशी फोन घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेला. दुरुस्तीवाला म्हणाला, आधी चोरी-संरक्षण बंद करून आण. खलाशाने ते बंद करायला घेतले, तर फोन म्हणाला, आधी चेहरा दाखव! चेहरा दाखवावा तर चेहरा पाहणारा डोळाच फुटलेला. पासकोड त्याला तोंडपाठ आहे. बिल त्याच्या नावावर आहे. नौकेवरचे सर्वजण सांगतील की फोन याचाच. परंतु फोन ऐकत नाही.

उदाहरण समजा म्हणून घेतले असले तरी अडचण खरीखुरी आहे. ती समजून घ्यायची तर हे कुलूप का आले इथून सुरुवात केली पाहिजे.

पूर्वी आयफोनचा पासकोड म्हणजे सगळ्या घराची एकच किल्ली होती. सहा आकडे कळले की चोराला सारे मिळत असे. तो मालकाच्या खात्याचा पासवर्ड बदले, हरवलेला फोन शोधणारी ‘फाइंड माय’ ही सोय बंद करी, साठवलेले पासवर्ड वाचून बँकेत हात घाली. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या दैनिकाने अशा चोऱ्यांची कहाणी उघडकीस आणली. दारूच्या गुत्त्यात, गर्दीत, चोर आधी माणूस पासकोड कसा टाकतो ते पाहायचे आणि मग फोन पळवायचे. काही मिनिटांत माणूस स्वतःच्याच खात्याबाहेर फेकला जायचा. या बोभाट्यानंतर ॲपल कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये आयओएस १७.३ या आवृत्तीत ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ नावाची सोय दिली.

तिचे काम असे. फोन ओळखीच्या ठिकाणापासून दूर असेल तर काही कामांना पासकोड चालत नाही, चेहरा किंवा बोटाचा ठसाच लागतो. साठवलेले पासवर्ड पाहणे, फोन पूर्ण पुसून टाकणे ही अशी कामे. त्याहून नाजूक कामांना आणखी एक अट आहे. खात्याचा पासवर्ड बदलणे, पासकोड बदलणे, नवा चेहरा नोंदवणे, ‘फाइंड माय’ बंद करणे आणि खुद्द हे संरक्षण बंद करणे, यांसाठी आधी चेहरा दाखवायचा, मग एक तास थांबायचे, मग पुन्हा चेहरा दाखवायचा. चोराला हा तास भारी पडतो. मालकाला त्या तासात दुसऱ्याच्या फोनवरून आपला फोन ‘हरवला’ असे जाहीर करता येते. विचार उत्तम आहे, याबद्दल दुमत नाही.

परंतु ही सारी रचना एका गृहीतावर उभी आहे. मालकाचा चेहरा आणि तो पाहणारी यंत्रणा, दोन्ही कायम शाबूत राहतील हे ते गृहीत! प्रत्यक्षात काय होते?

‘फेस आयडी’ ही सोय २०१७ मध्ये आयफोन टेन या फोनबरोबर आली. डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे तीस हजारांहून अधिक ठिपके चेहऱ्यावर टाकून हा फोन चेहऱ्याचा नकाशा तयार करतो. भलत्याच माणसाच्या चेहऱ्याने फोन उघडण्याची शक्यता दहा लाखांत एक, असे कंपनी सांगते. हिशेब चोराच्या बाजूने मांडलेला आहे. पण खरा मालक अडण्याची शक्यता किती, हे मालकाला कोण सांगणार? ठिपके टाकणारे आणि वाचणारे हे भाग अतिशय नाजूक आहेत. पाणी गेले, फोन आपटला की ते निकामी होतात. काही जुन्या मॉडेलांत त्यातला एक भाग पडद्याच्या मागच्या पट्टीवर बसवलेला असतो. स्वस्तात पडदा बदलताना ती पट्टी फाटली की चेहरा ओळखणे कायमचे बंद. अशा जुन्या फोनांत दुसऱ्या फोनचा तसाच भाग नुसता आणून बसवला तरी चालत नाही, कारण प्रत्येक भागाची जोडी त्या त्या फोनच्या मुख्य पाटीशी कारखान्यातच बांधलेली असते. म्हणजे खारे पाणी, घसरणारी फळी आणि स्वस्त दुरुस्ती, जी बंदरावर रोजचीच बाब आहे, तीच या यंत्रणेची वैरी आहे.

अँड्रॉइड फोनवाल्यांनी आपली सुटका झाली असे समजू नये. गूगलने २०२४ मध्ये चोरीविरोधी कुलपे आणली. हातातून हिसकावून पळाल्याची चाहूल लागताच पडदा बंद होतो. २०२५ च्या जानेवारीपासून पिक्सेल आणि सॅमसंगच्या काही फोनांत ‘आयडेंटिटी चेक’ येऊ लागले. विश्वासाच्या ठिकाणाबाहेर असताना पिन बदलणे किंवा चोरी-संरक्षण बंद करणे यांसाठी तेही शरीराचीच खूण मागते आणि पिनला नकार देते. बहुतेक अँड्रॉइड फोनांत साध्या कॅमेऱ्याने ओळखलेला चेहरा त्याला पुरेसा भक्कम वाटत नाही. मग उरतो बोटाचा ठसा. जाळे ओढून, बर्फ उपसून, माशांचे काटे टोचून, मीठ लागून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याने कोणता ठसा दाखवायचा? रेशन दुकानावरच्या यंत्रापुढे बोटे पुन:पुन्हा पुसणारी म्हातारी आपण सर्वांनी पाहिली आहे. तीच अडचण आता खिशात आली.

आता या प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. कंपनीने मालकासाठी दुसरा दरवाजा ठेवलेलाच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. दरवाजा आहे. मालक ओळखीच्या ठिकाणी असेल तर चेहरा बिघडला तरी पासकोडने संरक्षण बंद करता येते. हे ओळखीचे ठिकाण कोणते? घर, कामाची जागा आणि जिथे फोन नेहमी वापरला जातो अशा काही जागा. आयफोनमध्ये त्या मालकाने लिहून द्यायच्या नसतात. माणूस कुठे वारंवार जातो, कुठे थांबतो, यावरून फोन त्या स्वतःच शिकतो.

इथेच मेख आहे. हा नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणता माणूस होता? ज्याला पक्के घर आहे, घराला पत्ता आहे, जो सकाळी ठरलेल्या कार्यालयात जातो आणि संध्याकाळी परततो, तो. मिरकरवाड्याच्या नौकांवर कर्नाटकातून येणारे खलाशी आहेत, नेपाळहून येणारे खलाशी आहेत. हंगामात नौका हेच त्यांचे घर आणि तीच कामाची जागा. आणि नौका जागेवर उभी राहत नाही! जेटीपासून काही मैल आत गेले की रेंजही जाते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हा माणूस गावी जातो. ऑगस्टात परत येतो. फोनने त्याचे घर कोणते समजावे? दुरुस्तीवाल्याच्या बाकड्यावर, एस. टी. स्टँडवर, मुंबईच्या लोकलमध्ये फोन अडला तर ‘घरी जाऊन बंद करा’ हा सल्ला त्याला किती उपयोगाचा? ऊसतोड कामगार, वीटभट्टीवरचे कुटुंब, बांधकामाच्या पालात राहणारे मजूर यांची अवस्था वेगळी नाही. स्थिर छप्पर असलेल्या माणसाला कुलपाने दोन दरवाजे दिले. फिरत्या पोटाच्या माणसाला प्रत्यक्षात एकच दिला, आणि तोही खाऱ्या पाण्याने गंजणारा.

यावर काही जण म्हणतील, मग ही भानगडच नको, संरक्षण आजच बंद करून टाका. हा सल्लाही धोक्याचा आहे. फोन चोरीला गेला की गरिबाचे नुकसान फोनच्या किमतीपुरते थांबत नाही. पहिल्या तासातच खाते रिकामे होऊ शकते. दूरसंचार विभागाने सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईपासून चोरीचे फोन बंद पाडण्याची यंत्रणा सुरू केली. मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ संकेतस्थळावरून ती साऱ्या देशाला मिळाली. पोलिसांतील तक्रारीची प्रत आणि फोनचा आयएमईआय क्रमांक दिला की तो फोन कोणत्याही कंपनीच्या जाळ्यावर चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी कलम ३०३ आहे आणि हिसकावून नेण्यासाठी कलम ३०४ स्वतंत्र केले आहे. हे सारे चांगले आहे, पण हे सारे चोरी झाल्यानंतरचे आहे. पोलीस ठाण्याची पायरी चढेपर्यंतचा वेळ सांभाळतो तो फोनमधला हा एक तासच. म्हणून कुलूप फेकून देऊ नये. दुसरा दरवाजा कुठे आहे ते मात्र आधीच पाहून ठेवावे.

आयफोनमध्ये ‘सेटिंग्ज’ उघडून ‘फेस आयडी अँड पासकोड’ या भागात गेले की खाली ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ दिसते. मार्च २०२४ च्या १७.४ आवृत्तीपासून तिथे दोन पर्याय आहेत. एक, ओळखीच्या ठिकाणापासून दूर असतानाच कडक नियम. दुसरा, नेहमीच कडक नियम. ‘नेहमी’ हा पर्याय ऐकायला भक्कम वाटतो, पण तो निवडला की घरात बसूनही पासकोडची सूट मिळत नाही. चेहरा बिघडला की हा माणूस आपल्याच घरात अडकतो. ज्याचे काम पाण्यात, धुळीत, उन्हात आहे त्याने हा पर्याय निवडू नये. त्याचबरोबर ‘लोकेशन सर्व्हिसेस’मधील महत्त्वाची ठिकाणे लक्षात ठेवणारी सोय चालू असू द्यावी. ती बंद असेल तर फोनला घर कळणार कसे?

चेहरा ओळखण्यात पहिला बिघाड दिसताच दुरुस्तीवाल्याकडे धावू नये. आधी घरी जावे, किंवा जिथे आपण रोज राहतो तिथे जावे आणि पासकोड टाकून संरक्षण बंद करावे. त्यानंतर ‘फाइंड माय’कडे वळावे. मे २०२४ च्या १७.५ आवृत्तीपासून आयफोनला ‘दुरुस्तीच्या स्थितीत’ ठेवण्याची सोय आहे. कंपनीच्या सेवा केंद्रात त्यामुळे ‘फाइंड माय’ बंद न करताही फोन देता येतो. सेवा केंद्राला हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. फोन विकायचा असेल तेव्हाही क्रम तोच. चेहरा चालू आहे तोवर, घरात बसून, संरक्षण बंद करा, खात्यातून बाहेर पडा, फोन पुसा आणि मग द्या.

यंत्रणा ठीक आहे पण चेहराच बदलला, असेही होते. अपघातात टाके पडले, तोंड सुजले, पट्टी बांधली. तेव्हा नवा चेहरा नोंदवणे हेही नाजूक काम मानले जाते आणि बाहेर असताना त्याला जुनाच चेहरा लागतो! यावर उपाय आधीचाच आहे. ‘फेस आयडी’त दुसरे रूप नोंदवण्याची जागा असते. आपण कामावर जसे दिसतो, डोक्याला फडके, दाढी वाढलेली, तसे ते नोंदवून ठेवावे. तिथे दुसऱ्या माणसाचा चेहरा नोंदवायचा असेल तर दहा वेळा विचार करावा, कारण तो चेहरा फोनबरोबर बँकेचे ॲपही उघडू शकतो.

आणि जो आधीच अडकला आहे, ज्याचा फोन कोणतेच ठिकाण ओळखत नाही, त्याच्याकडे शेवटचा मार्ग म्हणजे दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून ॲपलच्या आयक्लाउड संकेतस्थळावरील ‘फाइंड’ विभागात जाऊन स्वतःचा फोन पुसणे आणि खात्यातून काढून टाकणे. त्यासाठी ॲपल अकाउंटचा पासवर्ड आठवला पाहिजे. तो दुकानदाराने भरला आणि दुकानदारच विसरला, असे चालणार नाही. फोन पुसला म्हणजे आतील फोटो, क्रमांक, कागद जातात, म्हणून त्यांची दुसरी प्रत आधीच ठेवलेली असावी. पासवर्ड विसरला तर मदत करणारा विश्वासू माणूस ‘रिकव्हरी कॉन्टॅक्ट’ म्हणून २०२१ पासून नोंदवता येतो. घरातली मुलगी, सख्खा भाऊ, जुना सहकारी, कुणीतरी नोंदवा. आणि बिल जपा. पासवर्डही गेला तर कंपनीपुढे मालकी सिद्ध करणारा तो एकमेव कागद आहे. जुना फोन बिलाशिवाय घेणे म्हणजे सातबारा न पाहता जमीन घेणे आहे.

अँड्रॉइडवाल्यांना एक गोष्ट अधिक बरी मिळाली आहे. ‘आयडेंटिटी चेक’मध्ये विश्वासाचे ठिकाण मालक स्वतः नोंदवू शकतो. घर नोंदवा, जेटीही नोंदवा. फोन ते ठिकाण शिकेल याची वाट पाहण्याची गरज नाही. एकाऐवजी चार-पाच बोटांचे ठसे द्या, दोन्ही हातांचे द्या, कामावरून आल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी असे वेगवेगळ्या वेळी द्या.

आणखी एक इशारा. अडलेल्या माणसाभोवती लुबाडणारे जमतात. ‘पाचशे रुपयांत कुलूप तोडून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती फोन, पासकोड आणि ओटीपी देऊ नका. फोन खरोखर चोरीला गेला असेल तर काही दिवसांनी ‘तुमचा फोन सापडला, या दुव्यावर पासवर्ड टाका’ असा संदेश येऊ शकतो. तो चोराचाच असतो. चोराला कुलूप तोडता येत नाही, म्हणून तो मालकाकडूनच किल्ली मागतो.

इथपर्यंत झाले ते मालकाने घ्यायच्या काळजीचे. परंतु सगळा भार मालकावर टाकून कंपन्यांना मोकळे सोडायचे काय? यंत्राने माणूस ओळखला नाही तर दोष माणसाचा, ही समजूत आपल्या देशात फार सहज रुजते आहे. तिला न्यायालयाने उत्तर दिले आहे, आणि ते आपण सर्वांनी माहीत करून घेतले पाहिजे.

ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून या महिलेला बँकेत खाते उघडताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवायला सांगितले गेले. माणूस जिवंत आहे याची ती खूण! हल्ल्याने ज्या डोळ्यांची हानी झाली त्यांनी उघडझाप कशी करायची? ती सर्वोच्च न्यायालयात गेली. तिच्या याचिकेबरोबर दृष्टिहीन वकील अमर जैन यांचीही याचिका होती. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि न्यायमूर्ती आर. महादेवन यांनी निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने मानले आणि वीस निर्देश दिले. डोळ्यांची उघडझाप हीच जिवंतपणाची एकमेव खूण राहू नये, दुसरे मार्ग असावेत, यंत्राने नाकारलेला अर्ज माणसाने पुन्हा तपासावा, कागदावरची पडताळणीही चालू राहावी, असा त्यांचा आशय आहे.

हा निकाल बँकांच्या ग्राहक पडताळणीबद्दलचा आहे, खासगी कंपनीच्या फोनमधील कुलपाबद्दलचा नाही. हा फरक वकील म्हणून मी झाकून ठेवणार नाही. परंतु त्यातील तत्त्व स्पष्ट आहे. शरीराची खूण ही ओळखीची एक रीत आहे, ती एकमेव रीत होता कामा नये. यंत्राने ‘नाही’ म्हटले तर त्या ‘नाही’वर दाद मागण्याची जागा असली पाहिजे. ज्याच्याकडे आपले म्हणणे मांडण्याची सोय नाही अशा निर्णयाला आपण न्यायालयात एकतर्फी म्हणतो. फोनच्या पडद्यावर उमटणारा निर्णयही एकतर्फीच असतो.

आणि हे जमत नाही असेही नाही. यूपीआयमध्ये ऑक्टोबर २०२५ पासून चेहरा किंवा बोटाचा ठसा दाखवून पैसे देण्याची मुभा मिळाली. पण ती मुभा आहे, सक्ती नाही. पिन टाकण्याचा जुना मार्ग चालूच आहे. चेहरा बिघडला म्हणून मासळी विकणाऱ्या बाईच्या हातातला व्यवहार थांबत नाही. पैशाच्या व्यवहारात जे शक्य आहे ते फोनच्या मालकीत का शक्य नसावे?

ग्राहक म्हणून आपल्या हाती काय आहे? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ग्राहकाला वस्तूची आणि सेवेची खरी माहिती मिळण्याचा हक्क देतो. दुकानदाराने हे कुलूप चालू करून दिले आणि ते बंद कसे करायचे, चेहरा बिघडला तर काय होईल, हे सांगितले नाही, किंवा दुरुस्ती करताना पट्टी फाडून चेहरा ओळखणे कायमचे घालवले, तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार मांडता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. २०२५ पासून ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरूनही तक्रार दाखल करता येते आणि १९१५ या क्रमांकावर आधी सल्लाही घेता येतो. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा कमाईसाठी स्वतः काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात त्याला जाता येते. म्हणजे कर्नाटकातून आलेला खलाशी रत्नागिरीतच तक्रार करू शकतो. कायद्याने राबण्याच्या जागेला पत्ता मानले. फोनच्या कारागिरांना तेवढे शहाणपण शिकायला काय हरकत आहे?

आपल्या मागण्या त्यामुळे अवघड नाहीत. आयफोनच्या मालकालाही आपली ओळखीची ठिकाणे स्वतः नोंदवता आली पाहिजेत. चेहरा ओळखणारे भाग निकामी झाल्याचे फोनला स्वतःला कळते, तसा संदेशही तो देतो. मग त्याच वेळी त्याने मालकाला दुसरा मार्ग दाखवला पाहिजे. चोरासाठी तो लांब असो, एका तासाऐवजी तीन दिवसांचा असो, दोन विश्वासू माणसांची साक्ष लागो, बिल दाखवावे लागो, पण मार्ग असला पाहिजे. विक्रीच्या वेळी हे सारे ग्राहकाच्या भाषेत, मराठीत, समजावून सांगण्याची सक्ती दुकानदारावर झाली पाहिजे. आणि दुरुस्ती केंद्रे फक्त महानगरात ठेवून जिल्ह्याच्या माणसाला पट्टी फाडणाऱ्या बाकड्यावर ढकलणे थांबले पाहिजे.

मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. तोवर कार्यकर्त्यांनी एक साधे काम हाती घ्यावे. जूनमध्ये बंदी लागली की नौका जेटीला लागतात. खलाशी गावी निघण्यापूर्वीच्या एखाद्या संध्याकाळी मच्छिमार सोसायटीच्या कार्यालयात किंवा वस्तीतल्या समाजमंदिरात तासाभराची बैठक बोलवा. एकेकाचा फोन उघडून पाहा. ‘नेहमी’ हा पर्याय लागला आहे काय? खात्याचा पासवर्ड कुणाला माहीत आहे? बिल कुठे आहे? आयएमईआय क्रमांक वहीत लिहिला आहे काय? स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की तो पडद्यावर येतो. विश्वासू माणूस नोंदवला आहे काय? हाच कार्यक्रम वीटभट्टीवर, कारखान्याच्या फाटकाशी, महिला बचत गटात करता येईल. त्याला निधी लागत नाही, पाहुणा लागत नाही, हार-तुरे लागत नाहीत.

आपल्या माणसांनी दाखल्यासाठी, रेशनसाठी, जमिनीच्या तुकड्यासाठी ‘हे माझेच आहे’ हे सिद्ध करण्यात पिढ्या घालवल्या. स्वकष्टाच्या पैशाने घेतलेल्या फोनसमोरही त्यांना तेच सिद्ध करत बसावे लागू नये, यासाठी आजच, घरात बसलेले असताना, चेहरा चालू आहे तोवर, आपापला फोन उघडून एकदा तपासा. आणि शेजाऱ्याचाही तपासून द्या.